बेटाचा कर आणि पाहुण्याचा खिसा

ग्रीसच्या सांतोरिनी बेटापाशी मोठी क्रूझ जहाजे काठाला लागत नाहीत. ज्वालामुखीच्या स्फोटाने तयार झालेल्या खोल पाण्यात ती उभी राहतात. प्रवाशांना लहान बोटींतून काठावर आणले जाते आणि तेथून रोपवेने, खेचरावर बसून किंवा पाचशेहून अधिक पायऱ्या चढून कड्यावरच्या फिरा गावात पोहोचावे लागते. जुलै २०२५ पासून येथे उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे ग्रीक सरकार कर घेऊ लागले. जून ते सप्टेंबर या ऐन हंगामात तो २० युरो, एप्रिल, मे व ऑक्टोबरमध्ये १२ आणि हिवाळ्यात ४ युरो ठरविण्यात आला. मिकोनोस बेटाला हेच दर लागू झाले, तर इतर बंदरांसाठी अनुक्रमे ५, ३ व १ युरो एवढी आकारणी ठरली.

सुमारे १५ हजार वस्तीच्या या बेटावर २०२३ साली जवळजवळ १३ लाख क्रूझ प्रवासी उतरले होते. पाणी, कचरा, रस्ते या साऱ्यांवर पडणारा ताण पाहता त्यांच्याकडून काही वसूल करावे, या भूमिकेत गैर काही नाही. परंतु प्रत्येक नव्या कराबरोबर दुकानदार आणि उपाहारगृहांचे मालक एक भीती बोलून दाखवितात. वीस युरो सरकारने घेतले, तर तेवढेच वीस युरो आपल्या गल्ल्यातून कमी होतील, अशी ती भीती. उलट कराचे समर्थक म्हणतात की, हजारो युरो खर्चून आलेल्याला वीस युरोंची काय मातब्बरी? हे दोन्ही युक्तिवाद अपुरे आहेत.

करभार कोणावर?

कर भरणारा आणि कर सोसणारा हे एकच असतात असे नाही, हा राजस्वशास्त्रातील पहिला धडा. हा कर सरकारकडे भरते जहाज कंपनी. ती तो ‘कर व बंदर शुल्क’ या सदराखाली प्रवाशाकडून वसूल करते. हे पैसे तिकिटाबरोबर, कित्येकदा काही महिने आधीच गेलेले असतात. शिवाय हा विक्रीकर नव्हे. त्यामुळे फिरामधल्या कॉफीची किंवा हातमागाच्या शालीची किंमत बदलत नाही. प्रवासी गावात पोहोचतो तेव्हा काय घ्यावे आणि काय सोडावे याचा त्याचा हिशेब पूर्वीसारखाच असतो. एका बेटापुरते पाहिले, तर दुकानदाराची भीती फारशी खरी नाही.

तथापि एकाच सफरीत अनेक बेटे येतात. ऐन हंगामात सांतोरिनी, मिकोनोस आणि आणखी दोन ग्रीक बंदरे घेतली, तर दरडोई ५० युरो होतात आणि चौघांच्या कुटुंबाला २०० युरो. ही रक्कम कुटुंबाच्या अंदाजपत्रकात दिसू लागते. त्यातही कर सरसकट असल्याने उंची दालनातल्या प्रवाशाला आणि बिनखिडकीच्या खोलीतल्या प्रवाशाला तो सारखाच बसतो. हात आखडता घेतला जाईल तो दुसऱ्याकडून. आणि लहान विक्रेत्याचे गिऱ्हाईक बहुधा तोच असतो.

पैशाहून वेळ महत्त्वाचा

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट आहे ती वेळेची. क्रूझ प्रवाशाचे जेवण आणि मुक्काम यांचे पैसे जहाजावर आधीच भरलेले असतात. बेटावर तो असतो काही तास. त्यातलाही बराच वेळ होडीच्या आणि रोपवेच्या रांगेत जातो. रांगेत उभा असलेला माणूस, खिशात पैसे असूनही, खर्च करू शकत नाही. दुकानदाराचा खरा प्रतिस्पर्धी करापेक्षा ती रांग आणि जहाजावरचे आयते जेवण हा आहे. म्हणून कराचा खरा परिणाम शोधायचा तो दोन ठिकाणी: जहाज बेटावर थांबते की नाही, आणि थांबले तर प्रवाशाला मोकळे तास किती मिळतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका बेटावर दहा जहाजे येतात. प्रत्येकावर तीन हजार प्रवासी आणि प्रत्येक प्रवासी बेटावर ५० युरो खर्च करतो. बाजारात १५ लाख युरो येतात. वीस युरो कर बसल्यावर दोन जहाजांनी वाट बदलली असे समजू. आता बाजारात येतात १२ लाख आणि कराचे ४ लाख ८० हजार. बेरीज १६ लाख ८० हजार, म्हणजे देशाचा फायदाच. पण कराचा तिसरा हिस्साच बेटाकडे परतला, तर बेटाच्या वाट्याला १३ लाख ६० हजार येतात, म्हणजे पूर्वीहून कमी. आता गर्दी ओसरल्याने रांग आखूड झाली आणि उरलेल्या प्रवाशांचा खर्च पन्नासावरून साठावर गेला असे धरा. बाजारात १४ लाख ४० हजार येतील आणि कराचा तोच तिसरा हिस्सा मिळविल्यास बेटाचे उत्पन्न १६ लाखांवर जाईल. दर तोच असूनही एकदा तोटा आणि एकदा नफा. फरक पडला तो गर्दीचे नियमन आणि पैशाची वाटणी यांमुळे. सांतोरिनीने २०२५पासून दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली, ती या दृष्टीने कराइतकीच मोलाची आहे.

या कराचा परिणाम आकड्यांतून लगेच कळेल असे मात्र नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये भूकंपाच्या सततच्या हादऱ्यांमुळे हजारो लोकांना सांतोरिनी सोडावे लागले होते. त्या वर्षी झालेली घट सर्वस्वी कराच्या माथी मारणे हा तर्कदोष ठरेल.

सौद्याची ताकद

जहाज वाट बदलू शकते, हा कंपनीच्या हातातला हुकमाचा पत्ता होय. १९९९ साली ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी दरडोई दीड डॉलरची आकारणी होताच एका बड्या कंपनीने आपली जहाजे तेथून वळविली. त्याच दशकात कॅरिबियन देशांनी दरडोई किमान दहा डॉलरचा समान कर ठरविण्याचा प्रयत्न केला. पण त्यांची एकजूट टिकली नाही. कोझुमेल बेटावर आणि इतर बंदरांत उतरणाऱ्या प्रवाशांसाठी मेक्सिकोच्या संसदेने २०२४ अखेर ४२ डॉलरचा कर संमत केला. कंपन्यांच्या विरोधानंतर तो जुलै २०२५ पासून ५ डॉलर आणि पुढे टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत २१ डॉलर असा ठरला. मूळ प्रस्तावात उत्पन्नाचा मोठा वाटा बेटांऐवजी लष्कराकडे जायचा होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याहून दूरगामी डावपेच बहामाच्या समुद्रात दिसतो. तेथे कंपन्यांनी बेटेच भाड्याने वा विकत घेतली आहेत. प्रवासी उतरतो, पोहतो, खातो. पण त्याचा बराचसा पैसा पुन्हा कंपनीच्याच गल्ल्यात जातो. २०२४ पासून बहामा सरकारने प्रवासी कर वाढविताना नॅसो वा फ्रीपोर्टला जाणाऱ्यांसाठी २३ डॉलर आणि केवळ खाजगी बेटांवर जाणाऱ्यांसाठी २५ डॉलर असा भेद केला. फरक दोन डॉलरचा असला, तरी त्यामागील तत्त्व योग्य आहे: ज्याचा स्थानिक बाजाराला उपयोग कमी, त्याने सरकारला अधिक द्यावे.

सांतोरिनीला यातली भीती कमी. तेथला कडा आणि त्याखालचा समुद्र दुसरीकडे हलविता येत नाही. परंतु ज्या बेटाला असे वैशिष्ट्य नाही, त्याने एकट्याने दर वाढविणे म्हणजे शेजारच्या बेटाला गिऱ्हाईक बहाल करणे होय. अशा बेटांनी दर एकत्रित ठरवावेत. रात्रीपर्यंत थांबणाऱ्या जहाजाला सवलत आणि चार तासांत निघून जाणाऱ्याला अधिक दर लावावा. आणि मिळालेला पैसा राजधानीच्या तिजोरीत न मुरता बंदरातील सावली, पिण्याचे पाणी आणि आखूड रांग या रूपांत प्रवाशाला व गावकऱ्याला दिसावा.

हा प्रश्न भारतालाही फार काळ दूरचा राहणार नाही. मुंबई बंदरातून गोवा आणि लक्षद्वीपकडे क्रूझ जहाजे जाऊ लागली आहेत. २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत’ मोहीमही जाहीर झाली. २०११ च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपची वस्ती जेमतेम ६४ हजार, जमीन प्रवाळाची आणि गोडे पाणी तुटपुंजे. तेथे उद्या जहाजांची संख्या वाढेल, तेव्हा प्रवाशामागे किती रुपये घ्यायचे हा वाद होईलच. त्याआधी ते रुपये कोणाकडे जातील आणि प्रवासी बेटावर किती तास मोकळा असेल, हे ठरलेले असावे.