ऑक्झॅलिक ॲसिड : गोणीतले आणि बाटलीतले

ताग्याला गंजाचा डाग पडला की आम्ही कापडवाले ऑक्झॅलिक ॲसिडचे पाणी लावतो. गंज म्हणजे लोखंडच. हे ॲसिड त्याला धरून पाण्यात विरघळवते आणि डाग निघतो. त्यानंतर कापड भरपूर पाण्याने धुवावे लागते, कारण ॲसिड सुती धाग्यात राहून वाळले तर धागा कमजोर होतो.

हेच पांढरे खडे कॉलेजच्या प्रयोगशाळेतही लागतात. शिराळ्यासारख्या गावात कॉलेजला रसायन हवे असले तर कोणीही सहज म्हणेल, "दुकानात सुटे मिळते, तेच आणा." इथेच आपण सावध राहिले पाहिजे.

बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाची तीव्रता ऑक्झॅलिक ॲसिडवरून काढतात. म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिड हे तिथले वजनमाप झाले. लिटरभर पाण्यात ६.३ ग्रॅम घातले की दशांश नॉर्मल द्रावण होते. ते १० मिलि घेऊन त्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिड घालतात, गरम करतात आणि फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत परमँगनेट सोडतात. परमँगनेटही दशांश नॉर्मल असेल तर ते बरोबर १० मिलि लागते. समजा, मालात ३ टक्के भेसळ आहे. मग ९.७ मिलिलाच रंग येईल. मुलाचा हात बिनचूक असूनही उत्तर चुकेल आणि मार्क त्याचे जातील. आपल्या दुकानातले वजनच खोटे असावे, तसा हा प्रकार आहे.

उघड्या गोणीत आणखी एक दोष असतो. या खड्यांत पाणी बांधलेले असते. कोरड्या हवेत ते उडू लागले की तेवढ्याच वजनात ॲसिड जास्त भरते. मग हिशेब उलट्या बाजूने चुकतो.

म्हणून प्रयोगशाळेसाठी सीलबंद बाटली घ्यावी. 'एलआर' म्हणजे प्रयोगशाळेचा साधा दर्जा आणि 'एआर' म्हणजे तपासणीच्या कामाचा शुद्ध दर्जा. एआर बाटलीवर शुद्धता, लॉट नंबर आणि लोह, क्लोराइड, सल्फेट जास्तीत जास्त किती, हे छापलेले असते. मुंबईच्या लोबा केमी, हायमीडिया अशा कंपन्या असा माल करतात. शाळा-कॉलेजचे टेंडर भरताना दर्जा लिहून घ्यावा आणि त्याच दर्जाचा भाव द्यावा. स्वस्त माल एआरच्या रिकाम्या बाटलीत भरून देणे ही उघड फसवणूक आहे.

उलट, डाग काढणाऱ्या कारागिराने एआरचा महाग माल घेण्याची गरज नाही. त्याचे काम साध्या मालाने होते.

दर्जा कोणताही असो, हे विष आहे. पोटात गेले तर मूत्रपिंडाला इजा होते. खडे मिठासारखे दिसतात, म्हणून किराणा मालाजवळ किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नयेत. डब्यावर नाव ठळक लिहावे आणि तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.