रिअल-टाइम क्लॉक चिप

रिअल-टाइम क्लॉक चिप ही संगणक बंद असतानाही बॅटरीच्या आधारे दिनांक व वेळ मोजत राहणारी चिप होय. १९८० व १९९० च्या दशकांतील अनेक संगणकांत हार्ड डिस्कचा प्रकार, मेमरीचा आकार यांसारखी माहितीही याच चिपमध्ये साठवलेली असे. त्यामुळे बॅटरी संपल्यावर केवळ वेळच चुकत नाही, तर संगणक सुरू होणेही थांबू शकते आणि हार्ड डिस्क निकामी झाल्याचा गैरसमज होतो.

इतिहास

१९८१ च्या मूळ आयबीएम पीसीमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हते. संगणक सुरू केल्यावर दिनांक व वेळ हाताने भरावी लागे. १९८४ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप वापरण्यात आली. पुढे डॅलस सेमीकंडक्टरने तिच्याशी सुसंगत अशी डीएस१२८७ तयार केली. तिच्यात स्फटिक व लिथियम सेल हे चिपसोबतच इपॉक्सीत बंदिस्त असतात. या सेलचे अपेक्षित आयुष्य दहा वर्षांहून थोडे अधिक असल्याने त्या काळातील बहुतेक चिपांचे सेल आता संपले आहेत.

रचना

चिपला जोडलेला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. ही संख्या २ चा १५ वा घात आहे. ती पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला एक ठोका मिळतो. चिपमधील ६४ बाइटपैकी १० बाइट वेळ, दिनांक व गजरासाठी, ४ नियंत्रण रजिस्टरांसाठी आणि उरलेले ५० संगणकाच्या इतर नोंदींसाठी असतात.

बिघाडाचे निदान

पीसी एटी सुरू होताना १६१ हा त्रुटी-क्रमांक दिसल्यास साठवलेल्या नोंदी नाहीशा झाल्याचे व बॅटरी संपली असण्याचा संभव असल्याचे समजावे. १६३ हा क्रमांक दिनांक व वेळ भरलेली नसल्याचे दर्शवतो.

संगणक चालू असेपर्यंत घड्याळ नीट चालत असेल व बंद केल्यावरच वेळ पुसली जात असेल, तर दोष बहुधा बॅटरीचा असतो. चालू अवस्थेतही सेकंद पुढे सरकत नसतील, तर स्फटिक अथवा चिप सदोष असू शकते, किंवा रजिस्टर ‘ए’मधून दोलक सुरूच केलेला नसतो. डीएस१२८७ कारखान्यातून दोलक बंद ठेवूनच पाठवली जात असे. ही तपासणी सेटअपमध्ये करावी. डॉस सुरुवातीला एकदाच चिपमधील वेळ वाचते व नंतर स्वतंत्र टायमरच्या आधारे मोजते. त्यामुळे तेथे दिसणारी वेळ फसवी ठरू शकते. डीएस१२८७ मध्ये रजिस्टर ‘डी’चा सर्वांत वरचा बिट शून्य असेल, तर आतील सेल संपलेला असतो.

दुरुस्ती

सुट्या बॅटरीच्या संगणकात त्याच व्होल्टेजची नवी बॅटरी बसवावी. डीएस१२८७ च्या जागी सुसंगत डीएस१२८८७ बसवता येते, किंवा १६ व २० क्रमांकांच्या पिनांजवळील इपॉक्सी कोरून बाहेरून ३ व्होल्टचा सेल जोडता येतो. त्यापूर्वी आतील सेलची जोडणी तोडणे आवश्यक असते; अन्यथा जुना सेल नव्याची शक्ती खेचून घेतो. धन टोक २० व्या, तर ऋण टोक १६ व्या पिनेला जोडावे. कोरताना मुखपट्टी वापरावी.

काही मदरबोर्डांवर पुनर्भारित होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. तिच्यातून गळणारा अल्कधर्मी द्रव तांब्याच्या रेषा खातो, म्हणून ती लवकर काढणे हिताचे असते. तिच्या जागी लिथियम सेल लावल्यास डायोड जोडावा. हा सेल भारित होऊ लागल्यास फुटण्याचा धोका असतो.

दुरुस्तीनंतर सेटअपमध्ये डिस्कचा मूळ प्रकार अचूक भरावा लागतो. बॅटरी संपल्याने डिस्कवरील मजकूर पुसला जात नाही. संगणक केवळ त्या डिस्कची ओळख विसरलेला असतो. म्हणून अशा वेळी डिस्क फॉरमॅट करू नये. सेटअपमधील नोंदी बॅटरी शाबूत असतानाच कागदावर उतरवून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

हे सुद्धा पहा

क्वार्ट्झ घड्याळ
बायॉस
मदरबोर्ड