सहा पट्ट्यांचा हिशेब

मुळशी तालुक्याच्या पश्चिम अंगाला, कोराईगडाच्या शेजारी, अँबी व्हॅलीची विमानांसाठी बांधलेली धावपट्टी आहे. 2010 च्या दशकात या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरू लागली आणि मुंबई-पुण्याच्या वेगवेड्यांना एक हक्काची सरळ रेघ मिळाली. दोन गाड्या शेजारी उभ्या, दिवे लागले की सुसाट, पाव मैलाला म्हणजे 402 मीटरला निकाल. कोट्यवधींच्या सुपरकार येत, तशा इंजिनात हात घातलेल्या घरगुती पोलो आणि ऑक्टाव्हियाही येत. अशा ठिकाणी कोणी बॉनेट उघडलं की भोवती घोळका जमतो. टर्बो कुठला, इंजेक्टर कुठले, ट्यूनिंग कोणाकडून केलं! दार उघडून, गुडघ्यावर बसून, चालकाची सीट किती बोल्टनी आणि कशाला बांधली आहे हे पाहणारा मात्र विरळाच.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीत अपघातातून माणूस वाचवण्याची एक पूर्ण योजना असते. व्होल्वोच्या निल्स बोहलिनने 1959 साली आणलेला तीन टोकांचा पट्टा, धडक होताच तो आवळून घेणारा प्रीटेन्शनर, छातीवर फार दाब येऊ लागला की पट्टा किंचित सोडणारी यंत्रणा आणि समोर फुगणारी एअरबॅग. हे सगळे एकमेकांच्या भरवशावर काम करतात. रेसिंगच्या गाडीची योजना अगदी वेगळी. तिथे माणूस सीटला जखडलेला, सीट गाडीच्या सांगाड्याला जखडलेली, भोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि हेल्मेटला मागून धरणारा मानेचा आधार. दोन्ही योजना आपापल्या जागी उत्तम आहेत. घोळ होतो तो एकीतलं अर्धं आणि दुसरीतलं अर्धं उचलल्यावर, आणि ट्रॅक-डेला, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, येणाऱ्या हौशी गाड्यांत नेमकं तेच पाहायला मिळतं.

आधी बकेट सीट. ड्रॅग शर्यतीत ती नसली तरी फारसं अडत नाही, कारण गाडी सरळ जाते आणि शरीर पाठीकडे दाबलं जातं. वळणांच्या ट्रॅकवर गणित बदलतं. चांगल्या टायरवरची साधी हॅचबॅकसुद्धा वळणात गुरुत्वाकर्षणाइतका बाजूचा ओढा निर्माण करू शकते. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सत्तर किलोचीच ताकद दाराकडे ढकलत असते. सपाट, मऊ सीटवर बसलेला चालक मग डावा पाय आणि गुडघा दाबून धरतो, आणि तेही पुरेना झालं की स्टिअरिंगला लटकतो. ज्या हातांनी टायरची पकड जोखायची, तेच हात शरीर सावरण्यात गुंततात. बकेट सीटच्या उंच कडा फासळ्या, कंबर आणि मांड्या धरून ठेवतात, आणि हात मोकळे होतात. लॅपटाइम कमी होतो तो मुख्यतः यामुळे. पंधरा-वीस किलोची मूळ सीट जाऊन सहा ते दहा किलोची फायबरग्लास किंवा कार्बनची सीट आली, याचा फायदा त्यामानाने किरकोळ.

सीट या विषयाशी मुळशीचा एक औद्योगिक धागाही आहे. याच तालुक्यातल्या हिंजवडीत टाटा आणि जॉन्सन कंट्रोल्स यांच्या भागीदारीतली कंपनी रोजच्या गाड्यांच्या सीट बनवत असे. तशी सीट कोणाही उंचीच्या माणसाला चालावी म्हणून पुढे-मागे सरकते, पाठ मागे झुकते, तासन् तास आराम देते. रेसिंगची सीट एकाच माणसाच्या मापाची असते. तिची पाठ झुकत नाही, आणि खांद्यापाशी पट्ट्यांसाठी दोन भोकं असतात. इटलीच्या स्पार्को, ओएमपी, जर्मनीची रेकारो, जपानची ब्राइड ही हौशी मंडळींच्या तोंडात बसलेली नावं. पण नावापेक्षा मागच्या लेबलकडे बघावं. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटना एफआयएच्या 8855-1999 या मानकाच्या सीटला पाच वर्षांचं आयुष्य दिलेलं असतं, 8862-2009 च्या वरच्या दर्जाच्या सीटला दहा. नकली सीट आणि नकली पट्टे बाजारात ढिगाने आहेत. फोटोत ते हुबेहूब दिसतात, आणि शिवणीचा धागा धडकेत काय करील हे फोटोत कळत नाही.

सीट बसवण्याचं काम दिसायला सोपं आहे: जुने चार बोल्ट काढा, नवे चार लावा. प्रत्यक्षात कसबी मिस्त्री पहिला तासभर पाना हातात घेतच नाही. तो चालकाला हेल्मेट घालून नुसत्या ठेवलेल्या सीटवर बसवतो. हेल्मेट डोक्याची उंची तीन-चार सेंटिमीटरने वाढवतं, आणि आपल्या हॅचबॅकमध्ये उंच माणसाचं डोकं छताला लागायला तेवढं पुरतं. म्हणून सीट खाली घ्यावी लागते. मग क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहतो का, खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतं का, हे बघायचं. सीट एक इंच तिरकी बसली तर चालकाला ती अर्ध्या तासात कंबरेत जाणवते. सरकणारं रेल ठेवावं की सीट पक्कीच बसवावी, यावर गॅरेजात वाद झडतात. गाडी एकच माणूस चालवणार असेल तर रेल नसलेलं बरं, कारण प्रत्येक सरकता सांधा म्हणजे धडकेत सुटू शकणारी आणखी एक जागा.

मग येतो पत्रा. गाडीचा फ्लोअर ठिकठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. कारखान्याचे सीटचे बिंदू मजबूत केलेले असतात, पण नव्या ब्रॅकेटची भोकं त्यांच्याशी जुळली नाहीत की कोणी तरी ड्रिल उचलतो आणि बोल्टखाली एक साधा वॉशर टाकतो. धडकेत असा वॉशर पत्र्यातून सरळ वर येतो. एफआयएचा नियम इथे अगदी नेमका आहे: सीटला किमान चार बिंदू, बोल्ट किमान एम-8 म्हणजे 8 मिलिमीटर व्यासाचे, आणि पत्र्याच्या पलीकडून प्रत्येक बोल्टला किमान 3 मिलिमीटर जाड आणि 40 चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी. आकडे कागदी वाटतात, पण हिशेब करून पाहावा. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात असलेलं शरीर साठ सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी सोळा जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट ओढा होतो. सत्तर किलोच्या माणसाचं वजन त्या क्षणी अकराशे किलोच्या आसपास जातं. ट्रॅकवर सरळ रेषेच्या शेवटी गाडीचा वेग याच्या तिप्पट असू शकतो.

हार्नेसची गोष्ट याहून अवघड. लाल किंवा हिरवे रुंद पट्टे आणि मधलं फिरतं कुलूप दिसायला मोठं रुबाबदार असतं. त्या मोहात चार टोकांचा हार्नेस घेतला जातो, दोन पट्टे खांद्यांवर आणि दोन कमरेला. मांड्यांमधून येणारा पट्टा अडचणीचा वाटतो, म्हणून तो टाळतात. तो टाळण्याची किंमत फॉर्म्युला वनमध्ये दिसली आहे. 5 सप्टेंबर 1970 रोजी मोंझाच्या ट्रॅकवर सरावात चालक योखेन रिंटची लोटस पॅराबोलिका वळणाआधी ब्रेक लावताना लोखंडी कठड्यावर आदळली. रिंटला मांड्यांमधले पट्टे नको असत. आगीतून लवकर बाहेर पडता यावं असं त्याला वाटे. धडकेत तो पट्ट्यांखालून पुढे घसरला आणि पट्ट्यांनीच त्याचा गळा कापला. त्या वर्षीचं फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. खांद्याचे पट्टे आवळले की ते कमरेचा पट्टा वर, पोटावर ओढतात, आणि त्याला खाली धरून ठेवणं हे मांडीतल्या पट्ट्याचं काम आहे. पाच किंवा सहा टोकांचा हार्नेस याचसाठी लागतो.

कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, कंबरेच्या हाडावर, मांडी जिथे वाकते त्या घडीत बसला पाहिजे. तो सीटच्या कडेवरून न नेता सीटमधल्या भोकातून न्यायचा. गाडीत बसल्यावर आधी हाच आवळायचा, खांद्याचे त्यानंतर. खांद्याचे पट्टे सीटच्या भोकांतून मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. एफआयए दहा अंशांपेक्षा जास्त उतार नसावा अशी शिफारस करते आणि 45 अंशांची मर्यादा घालते. आता एखाद्या हॅचबॅकमध्ये मागे बघावं: खांद्याच्या उंचीवर बांधायला काहीच नसतं. मग पट्टे मागच्या सीटबेल्टच्या खालच्या बोल्टला बांधले जातात. ते खांद्यावरून तीव्र उताराने खाली जातात, आणि धडकेत चालकाचा कणा वरून दाबला जातो. शिवाय पट्टा जितका लांब तितका तो जास्त ताणला जातो. यावर खरा उपाय एकच, सीटमागे पिंजऱ्याला वेल्ड केलेली आडवी नळी. दोन्ही बाजूंच्या खांबांना नुसती बोल्ट केलेली हलकी ‘हार्नेस बार’ मिळते, स्वस्त असते, फोटोत छान दिसते. गाडीच्या मालकाने तिची जाडी आणि सांध्यांची ताकद विचारावी आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत.

पिंजऱ्याचा मुद्दा एवढ्यावर संपत नाही. तीन टोकांच्या पट्ट्यात गाडी उलटली तर माणसाला बाजूला वाकायला थोडी जागा असते. सहा टोकांच्या हार्नेसमध्ये तो खिळ्यासारखा ताठ असतो. छत आत आलं तर ते थेट डोक्यावर. म्हणून रोल-बारशिवाय, म्हणजे छत पेलणाऱ्या पोलादी कमानीशिवाय, हार्नेस ही जोडी सर्वांत वाईट. अमेरिकेची ड्रॅग रेसिंग संस्था एनएचआरए 11.49 सेकंद किंवा त्याहून कमी वेळात पाव मैल कापणाऱ्या जुन्या बंद गाड्यांना रोल-बार सक्तीचा करते. 2008 आणि त्यानंतरच्या गाड्यांना, कारखान्याची सुरक्षा शाबूत असेल तर, ती यात सूट देते. कारखान्याची योजना जशीच्या तशी ठेवलीत तर तिच्यावर आमचा विश्वास आहे, असंच हा नियम सांगतो.

आणि मान. धड सहा पट्ट्यांनी जखडलं, डोकं मोकळं राहिलं, तर सगळा झटका मानेला बसतो. मिशिगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेव्हणे, रेसर जिम डाउनिंग यांनी यावर ‘हान्स’ हे साधन घडवलं. 1981 साली त्यांचा मित्र पॅट्रिक जॅकमार चाचणीत मानेला बसलेल्या धक्क्याने दगावला होता, तिथून ही कल्पना निघाली. अनेक वर्षं बहुतेक चालकांनी त्याकडे पाठ फिरवली. 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोनाच्या शर्यतीत अमेरिकी चालक डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाशी झालेल्या फ्रॅक्चरने गेला, त्याच वर्षी ती शर्यत भरवणाऱ्या नॅसकारने मान-डोक्याचा आधार सक्तीचा केला, आणि 2003 पासून फॉर्म्युला वननेही. हान्स खांद्यांवर हार्नेसच्या पट्ट्यांखाली बसतं. तीन टोकांच्या पट्ट्यासाठी त्याची रचना नाही. हार्नेस घेतला की हे घ्यावंच लागतं.

सगळं पूर्ण कसं करतात हे पुणे जिल्ह्यातच पाहायला मिळालं आहे. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला, 2010 मध्ये पोलो बाजारात आली आणि त्याच वर्षी ‘पोलो कप’ ही एकाच बनावटीच्या गाड्यांची शर्यतही. शर्यतीच्या त्या पोलोत आत कापड नव्हतं, मागची सीट नव्हती. सांगाड्याला वेल्ड केलेला पिंजरा, एकच बकेट सीट, सहा टोकांचा हार्नेस. ती गाडी घरी भाजी आणायला जात नसे, ट्रकवर चढून ट्रॅकवर जाई. रॅलीत नियम याच्याही पुढे जातात. पुण्याचे रॅलीचालक संजय टकले ज्या आंतरराष्ट्रीय रॅल्यांत उतरले आहेत, तिथे गाडीत पट्टे कापायची दोन कटर हाताशी असावी लागतात, कारण कुलूप अडकलं तर बाहेर पडायचा तोच मार्ग.

पुण्याच्या हौशी माणसाचं दुखणं इथे आहे. त्याची गाडी एकच. तळेगावजवळ नानोलीचा ट्रॅक झाल्यामुळे थोडी सोय झाली, नाहीतर कोइमतूरचा कारी स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई गाठायला हजारभर किलोमीटर त्याच गाडीतून, महामार्गावरून जायचं. दिल्लीजवळच्या 5.125 किलोमीटरच्या बुद्ध सर्किटला तर त्याहून लांब. आणि महामार्गावर हार्नेस निरुपयोगी, किंबहुना घातक आहे. पुण्याच्या चांदणी चौकात पुढे वाकता येत नाही म्हणून बाजूचा ट्रक दिसत नाही, टोलनाक्यावर हात पोहोचत नाही, मग माणूस पट्टे सैल सोडतो, आणि सैल हार्नेस हा साध्या बेल्टहून वाईट. कायदाही आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा आणली. आणि विम्याचा माणूस अपघातानंतर सीटखाली वाकून बघतोच.

मूळ सीट काढताना आणखी एक गोष्ट जाते, ती बहुतेकांना डॅशबोर्डवर दिवा पेटल्यावर कळते. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच शिवलेली असते. सीटखालचा पिवळा कनेक्टर हा तिचाच. बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो. काढल्यावर दिवा विझवायला तिथे एक छोटा रेझिस्टर बसवतात. दिवा विझतो, पण बाजूची एअरबॅग आता नसते, आणि गाडीला वाटतं सगळं ठीक आहे. पुढे ती गाडी विकली तर नव्या मालकालाही तसंच वाटतं.

म्हणून जाणकारांचा क्रम वेगळाच असतो. आधी चांगलं हेल्मेट, ब्रेकचे पॅड आणि ब्रेक फ्लुइड. मग, हवीच असेल तर, मूळ तीन टोकांच्या पट्ट्यासोबत बसेल अशी बकेट सीट, आणि ट्रॅकवरही तोच पट्टा. पिंजरा बसवायची तयारी झाली की मगच हार्नेस, हान्स आणि गाडी ट्रॅकवर न्यायला ट्रेलर, तिन्ही एकत्र. हे खूप खर्चिक पडतं, पण हार्नेसच्या लेबलवर ‘या वर्षानंतर वैध नाही’ असं छापलेलं असतं आणि तो खर्चही दर काही वर्षांनी पुन्हा येणारच असतो.

बसवणारे एक गोष्ट मात्र सर्रास विसरतात, ती शेजारची सीट. ट्रॅक-डेला नवख्याच्या शेजारी शिकवणारा बसतो. अमेरिकेतल्या पोर्शे आणि बीएमडब्ल्यू मालकांच्या क्लबांचा नियम असा की चालकाला जितकी सुरक्षा, तितकीच शिकवणाऱ्याला: एकाला हार्नेस तर दुसऱ्यालाही हार्नेस, नाहीतर दोघांनाही मूळ पट्टे. पैसे एका सीटपुरते असतील तर शिकवणारा गाडीत बसायला नकार देऊ शकतो, आणि तो नकार देतो.