नाव मोठं, आवाज कुणाचा?

पोर्शेची ९११ ही गाडी तिच्या '९९२' या पिढीत अमेरिकेच्या बाजारात उतरली, तेव्हा किंमतपत्रकात वरच्या दर्जाच्या म्युझिक सिस्टिमचे दोन पर्याय होते. बोसचे १२ स्पीकर, ५७० वॅट, किंमत सुमारे १,६०० डॉलर. आणि बर्मेस्टरचे १३ स्पीकर, ८५५ वॅट, किंमत सुमारे ५,५०० डॉलर. म्हणजे एक स्पीकर आणि २८५ वॅट जास्त, त्यासाठी जवळपास चार हजार डॉलर जास्त. हे पाहून कुणी म्हणतं, एवढे पैसे घेतात तर आवाज तिपटीने सरस असणारच. कुणी म्हणतं, ही शुद्ध लूट आहे. दोघांचं गृहीत मात्र एकच : किंमत हे आवाजाचं माप आहे, निदान असायला हवं. खरी गोम इथेच आहे. आवाज घडतो ध्वनिशास्त्राच्या नियमांनी आणि किंमत ठरते बाजाराच्या नियमांनी. या दोहोंची गाठ वाटते तितकी घट्ट नाही, हे एकदा ध्यानात आलं की शोरूममधले बरेचसे गैरसमज आपोआप गळून पडतात.

गैरसमज १ : जितके वॅट जास्त, तितका आवाज सरस

वॅट हे विजेच्या शक्तीचं माप आहे, आवाजाच्या गोडीचं नव्हे. शिवाय कानाला जाणवणारी वाढ वॅटच्या प्रमाणात होत नाही. शक्ती दुप्पट केली तर ध्वनीची पातळी फक्त ३ डेसिबलने चढते. आवाज साधारण दुप्पट मोठा वाटायचा तर १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. या हिशेबाने ५७० आणि ८५५ वॅटमधला फरक पावणेदोन डेसिबलच्या आसपास भरतो, व्हॉल्यूम थोडासा वाढवल्यावर पडेल एवढाच. लेक्ससच्या एलएस ४६० या गाडीत मार्क लेव्हिन्सनचे १९ स्पीकर ४५० वॅटवर वाजत. पुढच्या एलएस ५००मध्ये २३ स्पीकर आणि २,४०० वॅट आले. शक्ती पाचपटीहून वाढली, पण डेसिबलमध्ये ही उडी जेमतेम सातची. कानाच्या लेखी दुपटीलाही न पोचणारी. छापील वॅट मोजले कसे, हा प्रश्न वेगळाच. घरगुती अँप्लिफायरची शक्ती ठरावीक अटींवर, सलग वाजवून मोजलेली सांगावी, असा नियम अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये केला, पण तो घरातल्या उपकरणांपुरता. गाडीची वीज इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास असते. व्होल्टेज वाढवणारी सोय नसेल तर एवढ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात पंचवीसेक वॅटपलीकडे देताच येत नाही. साध्या कार स्टिरिओच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' छापलेलं असतं, ते क्षणिक शिखराचं माप असतं. मोठ्या गाड्यांमधले अँप्लिफायर व्होल्टेज वाढवून घेतात, पण १,४०० वॅट खरोखर सलग ओतायचे म्हटले तर त्यांनाही शंभर अँपिअरच्या घरात प्रवाह खेचावा लागेल. गाणं ऐकताना तशी वेळच येत नाही.

यावर जाणकार हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. संगीत एकसारख्या पातळीवर चालत नाही. विलंबित ख्यालात तानपुरा मंद झंकारत असतो आणि अचानक डग्ग्यावर थाप पडते. त्या क्षणाची पातळी सरासरीहून १५ डेसिबलने वर जाऊ शकते. १५ डेसिबल म्हणजे तीसपट शक्ती. सरासरी चार वॅट खर्च होत असतील, तर त्या थापेला सव्वाशे वॅट लागतील. ते नसतील तर थाप चिरडली जाते, डग्ग्याचा घुमारा जाऊन नुसता 'धप' उरतो. म्हणून राखीव शक्ती हवीच. पण ही गरज काहीशे वॅटमध्ये भागते. त्यापुढचे आकडे कानापेक्षा माहितीपत्रकाची शोभा जास्त वाढवतात.

गैरसमज २ : स्पीकर मोजा, दर्जा कळेल

मर्सिडीज-बेंझने २०२० मध्ये आणलेल्या एस-क्लासमध्ये बर्मेस्टरची सर्वांत वरची यंत्रणा ३१ स्पीकरची आहे. शिवाय पाठीला कंप जाणवून देणारे ८ एक्सायटर सीटमध्ये आहेत. आकडा भारदस्त आहे, पण तो मोजतो ते चांगल्या आवाजाचं कारण नव्हे. गाडी ही ऐकण्यासाठी मुळात वाईट खोली आहे : काच एकीकडे, चामडं दुसरीकडे, आणि ऐकणारा कधीच मधोमध नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्यापासून ७० सेंटिमीटरवर आणि डाव्या दारातला १३० सेंटिमीटरवर धरला, तर डाव्या बाजूचा सूर पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. आकडा क्षुल्लक दिसतो, पण जो आवाज आधी पोचतो त्याच दिशेला कान बांधला जातो, आणि समोर डॅशबोर्डवर बसायला हवा तो गायक उजव्या दारात जाऊन बसतो. त्यावरचा उपाय म्हणजे उजव्या स्पीकरला तेवढाच उशीर लावणं, आणि ते काम स्पीकर करत नाही. डीएसपी नावाची चिप आणि तिला त्या विशिष्ट गाडीसाठी जुळवून देणारा अभियंता करतो. चालकासाठी हे जुळवलं की शेजारच्याचं बिघडतं, म्हणून तर सेटिंगमध्ये 'चालक', 'मागची सीट', 'सर्व' असे पर्याय दिलेले असतात.

उरलेलं काम गाडीचा सांगाडा करतो. दाराचा पत्रा पातळ असेल तर तो स्वतःच वाजतो आणि खर्जाचा गोंगाट होतो. व्होल्व्होने एक्ससी९०मध्ये सबवूफर बॉडीतच बसवून त्याला बाहेरच्या हवेशी जोडलं. रोल्स-रॉइसने २०२०च्या घोस्टमध्ये दाराखालच्या पोकळ तुळईचाच घुमट केला. स्पीकरच्या मोजणीत यातलं काहीच धरलं जात नाही. रस्त्यावरचा गोंगाट तर आणखी महत्त्वाचा. ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या चांगल्या गाडीतसुद्धा साठ-पासष्ट डेसिबलचा आवाज असतो, आणि तानपुऱ्याच्या जवारीसारखे हळुवार बारकावे तोच गिळतो. दुहेरी काच, शांत टायर आणि घट्ट बसणारी दारं हीसुद्धा ध्वनियंत्रणाच आहे, फक्त तिच्यावर कुणाचं नाव कोरलेलं नसतं.

गैरसमज ३ : जाळीवर कोरलेलं नाव म्हणजे त्या कारागिराचा हात

मार्क लेव्हिन्सन या माणसाने १९७२ मध्ये आपल्या नावाची कंपनी काढली आणि १९८०च्या दशकातच ती सोडली. लेक्ससमध्ये त्याचं नाव झळकू लागलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तोवर ते नाव हरमन या कंपनीच्या मालकीचं झालं होतं. जेबीएल, हरमन कार्डन, इन्फिनिटी, रेव्हल ही नावंही हरमनचीच. बँग अँड ओलुफसेनने आपला मोटारींचा व्यवसाय २०१५ मध्ये हरमनला विकला, आणि २०१७ मध्ये खुद्द हरमन सुमारे आठ अब्ज डॉलरना सॅमसंगकडे गेली. परस्परांचे प्रतिस्पर्धी भासणारे कितीतरी शिक्के एकाच छताखाली आहेत. शिवाय शिक्का तोच असला तरी माल तोच असतो असं नाही : बँग अँड ओलुफसेनचं नाव ऑडी ए८वर होतं तसंच युरोपातल्या फोर्ड फिएस्टावरही होतं.

नावाचा परिणाम कानावर होतो का, हे तपासणारा प्रयोग हरमनच्याच संशोधकांनी केला. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये कंपनीतल्याच चाळीस जणांना स्पीकर आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले. तेच स्पीकर, पण डोळ्यांना दिसताच गुण बदलले. ही माणसं स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतली होती. शोरूममधल्या ग्राहकाची काय कथा! मात्र म्हणून शिक्का निव्वळ खोटा असतो असं म्हणणंही चूक ठरेल. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचा मुलगा आणि एमआयटीतला प्राध्यापक अमर बोस याने जनरल मोटर्सबरोबर केलेली यंत्रणा १९८३च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांमध्ये आली. तिचं मर्म हे की ती त्या त्या गाडीच्या अंतर्भागासाठीच घडवली होती. आजही चांगला शिक्का असलेल्या गाडीत पैसे वसूल करून देणारी गोष्ट हीच असते : नाव नव्हे, तर जुळवणीवर खर्च झालेले तास.

गैरसमज ४ : किंमत म्हणजे सामानाचा खर्च अधिक थोडा नफा

स्पीकर, अँप्लिफायर, तारा आणि जुळवणीचा खर्च यांची बेरीज करून पर्यायाची किंमत निघते, हा समज सर्वांत चिवट आहे. खर्च हा फक्त तळ असतो. किंमत ठरते ती ग्राहक किती द्यायला तयार आहे यावर. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई याने १८४९ मध्येच हे रेल्वेच्या उदाहरणाने दाखवलं होतं. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसायचं, ते छपराला पैसे लागतात म्हणून नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. किंमतपत्रकाची शिडी याच तत्त्वावर उभी असते. मूळ किंमत जाहिरातीत झळकते, तिथे स्पर्धा तीव्र असते. ग्राहकाचं मन एकदा गाडीवर बसलं की पर्यायांची तुलना दुसऱ्या कंपनीशी होत नाही, फक्त गाडीच्या एकूण किमतीशी होते. आणि एक लाख डॉलरच्या गाडीपुढे पाच हजार डॉलर किरकोळ वाटतात. तेच पाच हजार घरच्या स्पीकरसाठी मागितले तर हाच माणूस चार दुकानं फिरेल.

भारतात या शिडीला करांच्याही पायऱ्या आहेत. इथे जुळवलेल्या मोठ्या गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आणि महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या वैयक्तिक पेट्रोल गाडीला १३ टक्के रस्ता कर लागतो. म्हणजे करापूर्वी शंभर रुपयांची यंत्रणा रस्त्यावर येईपर्यंत सुमारे १५८ रुपयांची होते. पूर्ण तयार आयात होणाऱ्या महागड्या गाडीचं गणित आणखी जड : सीमाशुल्काचा एकूण बोजा ११० टक्के धरला तर शंभराचे २१०, त्यावर जीएसटी लागून २९४, आणि रस्ता कर त्याच्याही वर. हे वरचे पैसे कुठल्याही स्पीकरमधून वाजत नाहीत. आपल्याकडे बऱ्याच गाड्या भरगच्च व्हेरिएंटमध्येच येतात, त्यामुळे ध्वनियंत्रणेची किंमत वेगळी दिसतच नाही. दिसत नाही म्हणून ती फुकट मिळते असं मात्र नाही.

गैरसमज ५ : मग बाहेरून बसवून घेऊ, किंवा विकताना वसूल करू

कॅसेट प्लेअरच्या काळात हा सल्ला पक्का होता. तेव्हा डॅशबोर्डमध्ये ठरावीक मापाचा खण असे. जुना डबा काढायचा, नवा सरकवायचा. २००१च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजपासून महागड्या गाड्यांमध्ये अँप्लिफायर, फोन आणि स्क्रीन काचतंतूंच्या 'मोस्ट' या जाळ्यावर एकमेकांशी बोलू लागले. आता सीटबेल्टची सूचना, पार्किंगची पिपाणी, फोनवरचं बोलणं हे सगळं त्याच स्पीकरांतून येतं. कंपनीचा अँप्लिफायर उपटला तर गाणं वाजेल, पण बाकीचं मुकं होऊ शकतं, आणि वॉरंटीचा वाद उभा राहतो तो वेगळाच. जुन्या किंवा साध्या गाडीत चांगल्या कारागिराकडून स्पीकर बदलून घेणं आजही फायद्याचं ठरतं. बड्या गाडीत ते सोपं नाही, आणि हे अवघडपण किंमत लावणाऱ्याला ठाऊक असतं. पुनर्विक्रीबद्दल सांगायचं तर गाडीचं वय आणि किलोमीटर भाव ठरवतात. चांगल्या यंत्रणेमुळे गिऱ्हाईक लवकर मिळेल, पण तिचे पूर्ण पैसे परत येतील हा हिशेब धरू नये.

तर मग ही सगळी फसवणूकच का? नाही. आकडे उघड असतात, सक्ती नसते, आणि साध्या यंत्रणेपेक्षा वरची यंत्रणा बहुतेकदा खरोखरच सरस वाजते. पण पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना फरक मोठा आणि किंमत माफक असते. दुसरीवरून तिसरीवर जाताना किंमत उडी मारते, फरक मात्र रांगतो. म्हणून बहुतेकांसाठी मधली पायरी हाच शहाणपणाचा सौदा आहे. सर्वांत वरची पायरी चढायचीच असेल तर आधी परीक्षा घ्या. शोरूमचं डेमो गाणं नको. भीमसेन जोशींचं किंवा किशोरी आमोणकरांचं तुमच्या कानात मुरलेलं ध्वनिमुद्रण न्या. ब्लूटूथवर आवाज दाबला जातो, म्हणून शक्य तर तारेने जोडा. दोन्ही गाड्यांत आवाजाची पातळी सारखी ठेवा, कारण जरा मोठा आवाज नेहमीच चांगला भासतो. गाडी ताशी ऐंशीने चालू असताना मागच्या सीटवर बसून डोळे मिटा : तानपुरा ऐकू येतो का, डग्गा घुमतो की नुसता आदळतो, दाराला हात लावला तर ते थरथरतं का? उत्तर तिथेच मिळेल. आणि डोळे मिटल्यावर दोन यंत्रणांमधला फरक सांगता आला नाही, तर स्वस्त यंत्रणा घ्या आणि निश्चिंत मनाने गाणं ऐका.