बीप वाजली, पण आकडा खरा?

पावसाळा सुरू झाला की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी जण पांघरुणात गुरफटलेला सापडतो. रूममेट कपाळाला हात लावून निकाल देतो, ‘अरे, चांगलाच तापलायस!’ मग कुणाच्या तरी ड्रॉवरमधून डिजिटल थर्मामीटर निघतो आणि आधी काय होतं? तो जोरजोरात झटकला जातो. अरे, झटकायचा तो पाऱ्याचा, वर चढलेला पारा खाली आणायला! डिजिटलच्या टोकात असतो थर्मिस्टर. तापमान बदललं की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून चिप आकडा काढते.

आता त्या बीपविषयी. बीप म्हणजे ‘आकडा बरोबर आहे’ असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही. आकडा वाढायचा जवळजवळ थांबला, एवढंच ती सांगते. काखेतलं टोक टी-शर्टला टेकलं असेल, तरी बीप वाजणारच. म्हणून आधी घाम पुसा, टोक काखेच्या खोलगट भागात थेट त्वचेला लावा आणि हात अंगाशी घट्ट धरा. बीपनंतरही मिनिटभर तसंच राहा, आकडा थोडा सरकतो.

तोंडात लावणार असाल तर नुकताच कटिंग मारलेला नको. गरम किंवा गार काही घेतल्यावर अर्धा तास थांबा. टोक जिभेखाली, पुढे नाही तर मागे एका बाजूला, आणि ओठ बंद. नाक चोंदलंय? मग काखच बरी. तिथला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक डिग्री फॅरेनहाइटने कमी येतो, पण म्हणून मनानेच एक डिग्री मिळवू नका. ‘काखेत 99.8, रात्री 9 वाजता, गोळीआधी’ असं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. डॉक्टरांना ‘काल खूप होता’पेक्षा हे कितीतरी उपयोगी पडतं.

आणि 98.6 ला लक्ष्मणरेषा समजू नका. 19व्या शतकात जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी सांगितलेल्या 37 सेल्सिअसचं ते फॅरेनहाइट रूप. शरीर पहाटे थंड आणि संध्याकाळी जरा गरम असतंच. ताप म्हणजे साधारण 100.4 आणि त्यावर.

खरी गंमत, खरं तर धोका, आकडा उतरल्यावर असतो. डेंग्यूमध्ये ताप गेल्यानंतरचे 24 ते 48 तास सर्वांत जपायचे. पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, तर स्क्रीनवर 98 दिसत असलं तरी रूममेटला लगेच हॉस्पिटलमध्ये न्या. डेंग्यूची शंका असताना अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मात्र देऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.