जब्या मनातून का जात नाही?

आपल्याकडे धान निघाला की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडश्याच्या मंडळ्या रात्रभर हसवतात, रडवतात, पण पहाटेपर्यंत गोष्ट पुरी करून देतात. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) तसं करत नाही.

जब्या हा कैकाडी घरातला पोरगा. शालूवर जीव, काळ्या चिमणीचा ध्यास. शाळेजवळच त्याला घरच्यांसोबत डुक्कर धरावं लागतं, अन् वर्गातले पोट्टे हसतात. मधेच राष्ट्रगीत सुरू होतं, तसं डुक्कर समोर असूनही सगळं कुटुंब जागीच स्तब्ध उभं राहतं. (माझ्या मते हाच सिनेमातला सर्वांत बोलका प्रसंग, अन् त्यात कोणी बोलत नाही.) शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्याकडे. पुढचं दिग्दर्शक दाखवत नाही. म्हणून ते आपणच मनात रचत बसतो, आणि पात्रावर जीव जडतो तो इथंच.

सिनेमात शिव्या आहेत, म्हणून आधी स्वतः पाहा, मग मोठ्या मुलांना दाखवा. संपल्यावर लगेच 'तात्पर्य सांगा' म्हणू नका. 'दगड कोणाला लागला?' एवढंच विचारा आणि थोडा वेळ गप्प बसा.