०२२च्या टोकाला मोडेम

मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, पण फोनचा कोड मुंबईचा, ०२२. खाडीवरचा पूल ओलांडून नायगाव-वसईत उतरलं की ०२५०. डायल-अपच्या दिवसांत या फरकाला फार किंमत होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. भाईंदरच्या मिठागरांकडेला राहणाऱ्याला इंटरनेटसाठी लावायचा मुंबईचा नंबर लोकल कॉलमध्ये लागायचा.

खर्च तरीही होताच. वैयक्तिक ग्राहकाला २५० तासांचे ५,००० रुपये, म्हणजे तासाला २० रुपये, वेग ९.६ केबीपीएस, फोनचं बिल वेगळं. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळायचं ते शेल अकाउंट. त्यात चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. मला विचाराल तर इंटरनेट म्हणजे काय ते त्यातच नीट कळलं, कारण टर्मिनल सॉफ्टवेअर काही झाकून ठेवत नसे.

त्याचं काम एवढंच: कीबोर्डवर दाबलेलं अक्षर मोडेमला द्यायचं आणि मोडेमकडून आलेलं पडद्यावर उमटवायचं. विंडोज ९५ सोबत हायपरटर्मिनल आयतं यायचं. त्याआधी प्रोकॉम, टेलिक्स होते. आधी मोडेम कुठल्या कॉम पोर्टवर आहे ते सांगायचं. बऱ्याचदा कॉम १ माउसने अडवलेला असे, मग कॉम २. पुढे आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. टर्मिनलचा प्रकार व्हीटी १००. लोकल एको चुकून चालू राहिला, तर प्रत्येक अक्षर दोनदा उमटायचं.

आता 'एटीझेड' टाइप करून एंटर. मोडेम 'ओके' म्हणाला की अर्धी लढाई जिंकली. मोडेमशी बोलायची ही 'एटी'ची भाषा १९८१ सालच्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेली. 'एटीडीटी' आणि पुढे नंबर, की टोनने डायल. एक्स्चेंज जुनं असेल तर शेवटच्या टीऐवजी पी, आणि मग प्रत्येक आकड्याची कटकट मोजत बसायचं. पलीकडचं मोडेम शीळ घालायचं, आपलं उत्तर द्यायचं, दोघांची खरखर चालायची. कुठल्या वेगाने बोलायचं हे त्या आवाजातच ठरत असे. मग पडद्यावर 'कनेक्ट ९६००', आणि खाली 'लॉगिन'. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नसे. नवख्याला वाटे, कीबोर्ड बंद पडला.

आत गेल्यावर पत्रांसाठी पाइन, वेबसाठी लिंक्स. आठ बिटांच्या मागेपुढे स्टार्ट आणि स्टॉप धरून एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण ९६० अक्षरं. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी भरायला दोन सेकंद. ओळ ओळीखाली उतरताना डोळ्यांना दिसायची. फाइल आणायची तर झेडमोडेम, भरलेल्या १.४४ एमबी फ्लॉपीएवढा मजकूर यायला पंचवीस मिनिटं. लाइन मध्येच तुटली तरी झेडमोडेम अर्ध्यावरून पुढे सुरू करू शकायचं, म्हणून त्याचा मोठा आधार.

लाइन तुटायचीच. पावसाळ्यात तारांवर खरखर वाढली की मजकुरात महिरपी कंस आणि भलतीच चिन्हं घुसायची. एरर करेक्शन असलेलं मोडेम तो तुकडा पुन्हा मागवून घ्यायचं. नसलेल्या मोडेमवर पत्र वाचताना अंदाजाने शब्द लावावे लागत. त्याहून वाईट म्हणजे आतल्या खोलीतला जोडफोन. आईने रिसीव्हर उचलला, "हॅलो, कोण बोलतंय?" म्हटलं, की पडद्यावर 'नो कॅरियर'. अर्धं लिहिलेलं पत्र सुटून जायचं. मग दारावर चिठ्ठी लागली: फोन उचलू नये.

काम संपलं की 'लॉगआउट'. तरीही लाइन धरूनच राहिली, तर सेकंदभर थांबून अधिकची तीन चिन्हं, पुन्हा सेकंदभर शांतता, आणि 'एटीएच'. मोडेममधून टक् असा आवाज यायचा. वहीत मिनिटं मांडून २५०मधून वजा करायची, दारावरची चिठ्ठी काढायची, आणि तासभर आपला नंबर एंगेज मिळालेल्या मालाडच्या मावशीचा फोन लगेच वाजायचा.